कार्गो ट्रेलरच्या घरगुती कॅम्परमध्ये छत गळत नसतानाही पाणी का टपकते?

अमेरिकेत सहा फूट रुंद आणि बारा फूट लांब असा बंदिस्त कार्गो ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा मालाचा डबा, घेऊन त्याचा घरच्या घरी कॅम्पर, म्हणजे सहलीत झोपण्याची चाकांवरची खोली, करणाऱ्यांची एक तक्रार थंडी सुरू झाली की ठरलेलीच असते, आणि मिशिगनमधल्या आमच्या मराठी मंडळींकडूनही ती मी वारंवार ऐकली आहे. रात्री दोघे आत झोपतात, बाहेर पावसाचा थेंब नसतो, आणि पहाटे छताच्या आडव्या पट्ट्यांवरून पाणी टपकू लागते. स्क्रूच्या डोक्यांवर थेंब साचतात, खिडकीच्या काचेवरून ओघळ उतरतात आणि गादी उचलून पाहिली तर तिची खालची बाजू ओलसर लागते. छत गळते आहे असे समजून सीलंटची नळी आणली जाते, सगळे सांधे पुन्हा भरले जातात, आणि पुढच्या सहलीत पाणी पुन्हा हजर असते. काही ट्रेलरांच्या छतांवर मी सीलंटचे एकावर एक इतके थर पाहिले आहेत की मूळ सांधा कोठे होता हेही कळत नाही.

बहुतेक वेळा हे पाणी आतल्याच हवेतले असते. श्वास, स्वयंपाक आणि हीटर यांतून निघालेली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते, थंड ताकाच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसेच. यालाच संघनन म्हणतात. उपाय कोणत्या क्रमाने करायचे याला येथे फार महत्त्व आहे: आधी हवेची ये-जा, मग थंड पृष्ठभाग, मग हीटर. पुष्कळ जण हा क्रम उलटा धरतात. ते आधी फोम बसवतात, फटी बुजवतात, झरोके टेपने बंद करतात, आणि ट्रेलर जितका घट्ट होतो तितका त्रास वाढतो.

गळती की संघनन, हे आधी ठरवावे

पहिली खूण वेळेची आहे. मुसळधार पावसात रिकामा उभा असलेला ट्रेलर आतून कोरडा राहत असेल आणि कोरड्या रात्री माणसे झोपल्यावर मात्र ओला होत असेल, तर छताला हात लावण्याचे कारण नाही. निरभ्र रात्री हा त्रास अधिक जाणवतो, कारण ढगांचे आवरण नसले की छताचा पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. दुसरी खूण जागेची आहे. संघननाचे पाणी पसरून येते आणि त्याला एक नियमितपणा असतो: पत्र्यामागच्या पोलादी आधारांच्या रेषेत, म्हणजे सोळा किंवा चोवीस इंचांच्या अंतराने, ओल्या पट्ट्या उमटतात. गळतीचे पाणी मात्र एखाद्या ठिकाणाहून सुरू होते, उताराकडे धावते आणि वाळल्यावर मागे तपकिरी कडेचा डाग ठेवते.

शंका उरलीच तर दोन चाचण्या कराव्यात. भिंतीच्या आतल्या प्लायवुडवर फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून एक रात्र ठेवावे. प्लास्टिकच्या खोलीकडील बाजूवर थेंब आले तर पाणी आतल्या हवेतले आहे. प्लास्टिकच्या मागे, प्लायवुडकडून ओल आली तर भिंतीत पाणी शिरलेले आहे आणि पॅनेल उघडावे लागेल. दुसरी चाचणी बागेच्या नळीची. एकाने बाहेरून खालून वर पाणी मारत जावे, प्रत्येक सांध्यावर काही मिनिटे थांबावे, आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि नेमकी जागा सापडत नाही. छतावरच्या झरोक्याची किनार, पुढच्या वरच्या कडेचे खुणेचे छोटे दिवे, छताचा पत्रा बाजूच्या पट्टीखाली जातो तो सांधा आणि मागच्या दाराची वरची चौकट या चार जागा नीट पाहाव्यात. गळती सापडली तर जुना सीलंट खरवडून काढून ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि छतासाठीचा सीलंट वापरावा. साधे सिलिकॉन वापरू नये, कारण त्याच्यावर पुढे दुसरे काहीच नीट चिकटत नाही.

यानंतर हवेतली आर्द्रता मोजणारा एक स्वस्त हायग्रोमीटर घ्यावा आणि त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचे मीठ घेऊन ते लगद्याइतके ओले करावे, झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवावे. सकाळी आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास असला पाहिजे. तो ६८ दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक वाचनात सात मिळवावेत. इतक्या छोट्या कामासाठी महागडे यंत्र घेण्याची गरज मला कधी वाटली नाही.

बारा घनमीटर हवेचा हिशोब

सहा बाय बारा फुटांच्या आणि आतून सहा फूट उंच असलेल्या ट्रेलरमध्ये ४३२ घनफूट, म्हणजे सुमारे १२ घनमीटर हवा मावते. वीस अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ सामावते, म्हणून संपूर्ण ट्रेलरची क्षमता सव्वादोनशे ग्रॅमदेखील भरत नाही. झोपलेला माणूस श्वास आणि त्वचा यांतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघांचे ८० ग्रॅम होतात. रात्री झोपताना आर्द्रता ५० टक्के असेल तर उरलेली जागा शंभरेक ग्रॅमची आहे, आणि सगळे बंद असेल तर ती सव्वा तासात भरते. आठ तासांत दोघांकडून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी बाहेर पडते. त्यातले काही अंथरूण आणि लाकूड शोषून घेतात, पण उरलेले कोठे तरी थंड जागेवर बसणारच.

ती थंड जागा किती थंड असते, हेही मोजता येते. बाहेर शून्य अंश आणि आत १८ अंश असताना उघड्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आतली बाजू साधारण चार अंशांवर राहते. १८ अंशांच्या हवेत चार अंशांच्या पृष्ठभागावर पाणी जमायला ४० टक्के आर्द्रता पुरते. माणसे झोपलेल्या बंद ट्रेलरमध्ये ४० टक्के आर्द्रता राखणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे उघडा पत्रा ओला होणार हे गृहीतच धरावे.

आधी हवा

बाहेरची थंड हवा दमट वाटली तरी तिच्यात पाणी थोडेच असते. शून्य अंशाला आणि ८० टक्के आर्द्रतेला एका घनमीटरमध्ये चार ग्रॅमहून कमी वाफ असते, तर आतल्या १८ अंशांच्या आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत पावणेआठ ग्रॅम असते. म्हणजे आतली एक घनमीटर हवा बाहेर टाकून बाहेरची आत घेतली की सुमारे चार ग्रॅम पाणी ट्रेलरबाहेर जाते. दोघांचे तासाचे ८० ग्रॅम काढायला तासाला वीस-बावीस घनमीटर हवा बदलली पाहिजे. अमेरिकेतल्या पंख्यांवर लिहिलेल्या मापात हे मिनिटाला बारा-तेरा घनफूट होतात. छतावरच्या १४ इंची चौकोनी भोकात बसणारे पंखे पूर्ण वेगावर याच्या अनेक पट हवा ओढतात, त्यामुळे रात्री सर्वांत कमी वेग पुरेसा असतो. पंख्याची दिशा बाहेर फेकणारी असावी, कारण वाफ असलेली गरम हवा छताजवळ असते.

येथे बहुतेकांचे घोडे अडते. पंखा चालू असतो, पण हवा आत यायला वाट नसते, आणि मग पंखा नुसता फिरत राहतो. छतावरून बाहेर जाणाऱ्या हवेला जमिनीजवळून आत येणारी वाट हवी. वर सांगितलेल्या प्रवाहाला ट्रेलरच्या जमिनीत चार इंच रुंद आणि सहा इंच लांब इतके भोक, त्यावर बारीक जाळी धरूनही, पुरते. ते पलंगाच्या खाली, पंख्यापासून दूरच्या टोकाला ठेवावे, म्हणजे हवा संपूर्ण ट्रेलरभर फिरून मग बाहेर जाते आणि झोपलेल्याच्या अंगावर झोत येत नाही. जमिनीतल्या भोकाला सरकते झाकण असावे आणि गाडी रस्त्यावर असताना ते लावावे, नाही तर धूळ आणि पुढच्या गाडीचा धूर आत येतो. ट्रेलरच्या बाजूंना कारखान्यातूनच बसवलेले प्लास्टिकचे लहान झरोके असतील तर ते बंद करू नयेत. पंखा लावण्यापूर्वी तेवढ्यावरही फरक पडलेला मी पाहिला आहे.

झरोका उघडा ठेवला तर सगळी ऊब निघून जाईल, हा आक्षेप हमखास येतो, विशेषतः आईवडील भारतातून आले असतील आणि त्यांना थंडी सोसत नसेल तर. तासाला एकवीस घनमीटर हवा शून्यावरून १८ अंशांवर आणायला लागणारी उष्णता सुमारे सव्वाशे वॅट होते. दोन झोपलेल्या माणसांच्या शरीरातून साधारण तितकीच उष्णता बाहेर पडत असते. कॅम्परमध्ये वापरल्या जाणाऱ्या सर्वांत लहान डिझेल हीटरची क्षमता दोन किलोवॅटच्या आसपास असते, तेव्हा या तोट्याची फिकीर करण्यासारखे काही नाही. बॅटरीचेही तेच आहे. १२ व्होल्टचे चांगले पंखे सर्वांत कमी वेगावर अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज घेतात, आणि आठ तासांत चार अँपिअर-तासांचा खर्च १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला जाणवतही नाही.

हा हिशोब थंड प्रदेशाचा आहे हे लक्षात ठेवावे. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात किंवा आपल्या कोकणातल्या आषाढात बाहेरच्याच हवेत एका घनमीटरला वीस ग्रॅमहून अधिक वाफ असते. ती आत घेऊन काहीच वाळणार नाही. तेथे एअर कंडिशनरच कामाला येतो.

थंड पत्रा झाकताना

हवेची सोय झाल्यावर फोमकडे वळावे. एक इंच जाडीची एक्सपीएस (पॉलिस्टायरीनच्या टणक) फोमची पाटी पत्र्याला आतून घट्ट चिकटवली तर वरच्याच उदाहरणात आतला पृष्ठभाग चार अंशांऐवजी जवळजवळ सोळा अंशांवर राहतो, आणि त्यावर पाणी जमायला आर्द्रता ८५ टक्क्यांवर जावी लागते. फोमची खरी परीक्षा मात्र त्याच्या कडांवर होते. पाटी आणि पोलादी आधार यांच्यामध्ये बोटभर फट राहिली तर खोलीतली वाफ तिच्यातून मागे जाते, पत्र्यावर पाणी होते आणि डोळ्यांआड भिंतीच्या तळाशी उतरते. म्हणून पाट्या किंचित लहान कापून सभोवतालची फट कमी फुगणाऱ्या स्प्रे फोमने भरावी. चिकटवण्यासाठी फोमला चालणाराच गोंद घ्यावा. काही गोंदांतले द्रावक एक्सपीएस विरघळवतात आणि दुसऱ्या दिवशी पाटीच्या जागी खड्डे पडलेले दिसतात.

दुर्लक्षित राहतात ते पोलादी आधार. पाट्या त्यांच्यामध्ये बसतात आणि आधार तसेच उघडे राहतात. त्यांच्यावर थेट प्लायवुड मारले की बाहेरची थंडी आधारातून स्क्रूपर्यंत येते. पहाटे प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक थेंब आणि काही महिन्यांनी त्याभोवती गंजाची तांबूस कडी, असे हे दृश्य असते. प्रत्येक आधारावर पाव ते अर्धा इंच जाडीची फोमची पट्टी लावून मगच प्लायवुड मारावे. स्क्रू त्यातून आरपार जाणारच, पण त्यांची डोकी प्लायवुडात थोडी खोल बसवून वर लाकडी भरणा किंवा कापडाचे आवरण दिले की थेंब दिसेनासे होतात.

कोणती जागा थंड राहिली आहे हे शोधायला दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर उत्तम, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर त्याचे वाचन फसवे असते, कारण तो पृष्ठभाग स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही आणि यंत्राला समोरच्या वस्तूंचे प्रतिबिंबच जास्त मिळते. पत्र्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवावा, तो पत्र्याइतका थंड होईपर्यंत थांबावे आणि टेपवर नेम धरावा. पहाटे पाचला, सगळे झोपेत असताना, अशा दहा-बारा ठिकाणी वाचन घेतले की कोठे काम राहिले आहे त्याचा नकाशाच हाती येतो.

दोन साहित्यांबद्दल माझे मत कडक आहे. उष्णतारोधनासाठीची काचतंतूची (फायबरग्लासची) गादी कार्गो ट्रेलरच्या भिंतीत भरू नये. तिच्यातून हवा आरपार जाते, वाफ पत्र्यापर्यंत पोहोचते, आणि ओली झालेली गादी वाळायला वाव नसल्याने खालच्या कडेचे प्लायवुड कुजू लागते. आणि चंदेरी बुडबुड्यांची गुंडाळी पत्र्याला थेट चिकटवून तिलाच भिंतीचे उष्णतारोधन समजू नये. समोर हवेची पोकळी नसेल तर ती चमक निरुपयोगी ठरते. खिडक्यांवर रात्री लावायला मात्र ती बरी, कारण एकेरी काच काही केले तरी ओली होतेच. बंद पेशींचा स्प्रे फोम हवा आणि वाफ दोन्ही चांगली अडवतो, पण एकाच वेळी जाड थर दिला तर पातळ पत्रा बाहेरून फुगलेला दिसतो.

हीटरमधून येणारे पाणी

धुराडे नसलेला प्रोपेन हीटर हे ओलाव्याचे मोठे आणि न दिसणारे कारण आहे. एक किलो प्रोपेन जळताना १.६ किलो पाणी तयार होते, आणि ते सगळे खोलीतच राहते. एक पौंडाचा हिरवा सिलिंडर एका रात्रीत संपवला तर पाऊण लिटर पाणी हवेत मिसळले, म्हणजे दोन माणसांच्या श्वासाहून जास्त. ऊब मिळते म्हणून हीटर वाढवावा आणि त्यामुळेच भिंती जास्त ओल्या व्हाव्यात, असे चक्र यातून सुरू होते. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर आहेच. ट्रेलरमध्ये काहीही जळत असो, कार्बन मोनॉक्साइडचा गजर हवाच, आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याच्या गळतीचा गजर वेगळा आणि जमिनीजवळ असावा.

ज्यात जळण्यासाठीची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो, असा डिझेल किंवा प्रोपेन हीटर बसवला तर त्याची ऊब कोरडी मिळते. त्याच्या धुराची नळी आणि जमिनीतले हवेचे भोक ट्रेलरच्या विरुद्ध बाजूंना ठेवावे. छतावरचा पंखा आतली हवा ओढत असताना लाकडाची छोटी शेगडी मात्र पेटवू नये, कारण धूर धुराड्यातून उलटा आत येऊ शकतो. वीजजोडणी असलेल्या जागी साधा विजेचा हीटर सर्वांत सोपा.

हीटर झोपताना बंद करण्याची सवयही पाणी आणते. १८ अंशांवरची, ६० टक्के आर्द्रतेची हवा दहा अंशांपर्यंत उतरली की ती संपृक्त होते, म्हणजे तिच्यात आणखी वाफ मावत नाही, आणि मग काच आणि पत्राच काय, पांघरूणही दमट लागते. रात्रभर कमी पातळीवर हीटर चालू आणि कमी वेगावर पंखा चालू, ही जोडी बहुतेक ट्रेलरांना पुरते.

स्वयंपाक, गादी आणि उरलेले

भाताचा कुकर आत लावू नये. शिट्ट्यांबरोबर निघणारी वाफ थेट छताला जाते. कुकर आणि उकळती भांडी बाहेरच्या टेबलावर, आणि चहा आत करायचाच असेल तर झाकण ठेवून आणि पंखा चालू करून. ओले टॉवेल आत वाळत घालणे हा त्याच जातीचा प्रकार आहे.

गादी सलग प्लायवुडवर ठेवली तर अंगातून खाली उतरलेली वाफ थंड फळीवर अडते आणि काही आठवड्यांत तेथे काळे ठिपके दिसू लागतात. पलंगाला फटी असलेल्या पट्ट्या द्याव्यात किंवा गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घालावी, आणि रोज सकाळी गादी उभी करून ठेवावी. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटांच्या पाठीला वर आणि खाली भोके पाडली तर आतल्या कपड्यांना वास येत नाही.

ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे हिवाळ्यात उभ्या ठेवलेल्या ट्रेलरसाठी उपयोगी आहेत, झोपलेल्या माणसांच्या श्वासापुढे त्यांचे काही चालत नाही. बॅटरीवर चालणारे छोटे ओलावाशोषक थंड हवेत फारच थोडे पाणी काढतात. कॉम्प्रेसरचे ओलावाशोषक परिणामकारक असले तरी त्यांना १२० व्होल्टची जोडणी लागते, आणि हवा पंधरा अंशांच्या खाली गेली की त्यांच्या नळ्यांवर बर्फ धरू लागतो.

एवढे सगळे करूनही ओल परत येत असेल तर तळाकडची दोन-तीन पॅनेले सोडवून प्लायवुडच्या कडेला पिनांचे ओलावामापक टोचून पाहावे. १६ टक्क्यांपर्यंत चिंता नाही. २० टक्क्यांच्या वर गेले असेल तर वर काहीही नवे बसवण्यापूर्वी भिंत उघडी ठेवून, हीटर आणि पंखा लावून वाळवावी लागेल, नाही तर अडकलेले पाणीच पुढचे कित्येक दिवस वाफ होऊन बाहेर येत राहते आणि उपाय फसला असे वाटते. त्यानंतर चाकांवरच्या पोलादी पेट्या पाहाव्यात. त्या पलंगाखाली दडलेल्या असतात, आतून बहुधा उघड्या राहतात आणि बाहेरून त्यांना सतत थंड वारा लागतो. पलंगाखालचे सामान ओले होण्याचे कारण पुष्कळदा तेथेच सापडते. त्यांच्यावर आतून फोम लावून वर पातळ प्लायवुड बसवावे, पण ते गोंदाने. स्क्रू मारला तर त्याचे टोक पेटीच्या खालून बाहेर येते, आणि पाण्याची टाकी आणि सामान भरून ट्रेलर खड्ड्यात आपटला की टायर वर येऊन त्याच टोकाला घासतो.